माळावर सरळ, मैदानात डावा

पुणे,
मे महिन्याची अखेर

प्रिय अण्णा,

वडिलांना पत्र लिहायचं तर 'तीर्थरूप' म्हणून सुरुवात करायची, असं शाळेत शिकवलं होतं. तसं लिहून पाहिलं आणि तो कागद फाडला. 'प्रिय' लिहिलंय ती रीत समजा. फोन का उचलला नाही, असं तुम्ही दादाला विचारलंत म्हणे. फोनवर तुम्ही बोलता आणि समोरच्यानं 'व्हय, व्हय' करायचं असतं. मी आता तिशीला आले, तरी तुमचा नंबर दिसला की अंग ताठ होतं. त्या दिवशी मी अंथरुणावर बसले होते. फोन उचलला नाही, पण उठून उभी मात्र राहिले, आणि घंटी थांबेपर्यंत तशीच उभी होते. म्हणून हा कागद.

मग दादाकरवी तुमचा निरोप आला. "क्रांतीला इचार, तिचा डावा कसा बरा झाला. समदं नीट लिवून घे." दादानं तो जसाच्या तसा सांगितला. मी कशी आहे, परक्या गावात एकटी राहते तर कुणी सोबतीला आहे का, मागच्या पावसाळ्यात मनगट दुखावलं होतं ते आता कसं आहे, यातलं काही तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत ते डावीकडं जाणाऱ्या बॉलबद्दल. ठीक आहे, सांगते. पण बरा कसा झाला ते सांगायचं तर तो जडला कसा इथून सुरुवात करावी लागेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

फौजेतून आल्यावर तुम्ही आम्हाला लढाईच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. सांगितल्या त्या गवताच्या. छावणीतलं गोल्फचं मैदान तुमच्या ताब्यात होतं. गवत किती कापायचं, पाणी कधी सोडायचं, सगळं तुमच्या हुकमात. साहेबलोक खेळायचे आणि तुम्ही बघून बघून शिकलात. सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा तुम्ही एकटे खेळायचात. एका साहेबानं तुमचा फटका पाहिला आणि म्हणाला, मेसमधल्या अर्ध्या साहेबांपेक्षा तू बरा मारतोस. पण स्पर्धेची यादी लागली की तुमचं नाव तीत कधीच नसे. तुम्ही झेंडे रोवायचे आणि साहेबांनी खेळायचं. हे सांगताना तुमचा आवाज बारीक व्हायचा, आणि एवढीशी मी, मला तुमची दया यायची. ती अजून येते. हे पत्र लिहायला इतके दिवस लागले ते त्यामुळंच.

पलूसच्या स्टँडवर तुम्ही उतरलात तेव्हा खांद्यावर ट्रंक नव्हती, साहेबानं निरोपाला दिलेली ती काठ्यांची बॅग होती. मी आईचा पदर धरून उभी होते. शेजारचे गुंडातात्या म्हणाले, "काय सुभेदार, म्हसरं हाकायला एवढ्या काठ्या?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्याच दिवशी आपल्या माळाच्या पट्टीवरचे दगड वेचायला आम्हाला लावलंत. मोट चालत नाही, पाणी चढत नाही म्हणून ती पट्टी आजोबांच्या काळापासून पडून होती. आधी दादाचा नंबर लागला. दोन महिन्यांत तो पळून औंधला मामाकडं गेला आणि यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. मामा त्याला घेऊन आले तेव्हा तुम्ही त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलंत. म्हणालात, "पोरगी तर पोरगी." एक काठी करवतीनं आखूड करून माझ्या हातात दिलीत.

खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं होतं. पहिल्यांदा बॉल काठीच्या मधोमध लागला तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही. फक्त आवाज झाला, आणि तो वर, वर, बाभळीच्या शेंड्यावरून गेला. मी तुमच्याकडं वळून पाहिलं. तुम्ही टोपी काढली होती. तुमचा तो चेहरा पुन्हा बघायला मिळावा म्हणून मी पुढची कितीतरी वर्षं बॉल मारले. शाळेतून आलं की माळ, सुट्टीत दोन्ही वेळा माळ. तुम्ही रोज फक्कीनं पांढरी रेघ मारायचात, बॉल तिच्यावर, पाय तिला समांतर. तुम्ही माझ्या मागं उभे. बादली भरून बॉल. एक चुकला की लगेच दुसरा, तो चुकला की तिसरा, तोवर अंग आपोआप जागेवर यायचं आणि मग सगळे रांगेत जायचे.

उजव्या अंगाला गुंडातात्यांचा ऊस होता. तिथं बॉल गेला की नियम तुमचा. "ज्यानं घालवला त्यानं आणायचा. सापडल्याबिगर भाईर यायचं न्हाई." बॉल छावणीतून आलेले, मोजके, गावात मिळणार नाहीत, हे मला कळत होतं. पण उभ्या उसात शिरल्यावर हातभर अंतरावरचं दिसत नाही, अण्णा. पात दंडावरून फिरते तेव्हा काही वाटत नाही. मग घाम येतो आणि झोंबायला लागतं. वर्गातल्या बाईंनी एकदा विचारलं, घरी मांजर पाळलंय का गं? मी हो म्हणाले.

आणि ती संध्याकाळ. तुम्हाला आठवत नसेल. वरच्या वस्तीवरचं शेरडू बिबट्यानं नेलं म्हणून आठवडाभर बोंब होती. दिवस कलला की उसाकडं कुणी फिरकत नव्हतं. माझा बॉल उजवीकडं गेला. मी म्हणाले, "अण्णा, बिबट्या हाय म्हणत्यात." तुम्ही म्हणालात, "बिबट्याला बॉल खायचा न्हाई. जा." मी गेले. दोन सऱ्या आत गेले आणि तिथंच उभी राहिले. पुढंही जाता येईना, आणि बॉलाशिवाय मागं यायची सोय नव्हती. कुठंतरी पाचट वाजलं. उंदीर असेल, घूस असेल. मला चड्डी ओली झाल्याचं कळलं नाही. आई बॅटरी घेऊन धावत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडली, "आवं, लेकरू हाय ते!" तुम्ही म्हणालात, "तू मधी पडू नगंस." ती मधे पडली. उसात शिरली आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. बॉल सापडला नव्हता. तुम्ही बादलीतला दुसरा काढून रेघेवर ठेवलात आणि म्हणालात, "आता भ्या जायला पायजे. मार." मी मारला. तो सुटल्यापासूनच डावीकडं गेला, वळला नाही, वाकला नाही, सरळ डावीकडं. तुम्हाला वाटलं, उजेड नाही म्हणून. तो माझा पहिला डावा होता.

माळावर तो लवकर दबला, कारण रेघ होती आणि पुढचा बॉल होता. पुण्याच्या मैदानावर मुलींच्या स्पर्धेला पहिल्यांदा गेले तिथं तो उघडा पडला. तिथं रेघ नाही. एक बॉल मारायचा, मग त्याच्यामागं चालत जायचं, इतरांचं होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुन्हा एक. चुकला तर चुकला; बादली नाही. माळावर ज्या हातांनी मी रांगेत बॉल टाकत होते तेच हात तिथं दर तिसऱ्या फटक्याला बॉल झाडीत नेत होते. तुम्ही दोरीच्या पलीकडून चालत असायचात, आणि तुमची मान हललेली मला न बघता कळायची. परतीच्या प्रवासात एकच वाक्य: "माळावर सरळ जात्यात, हितं काय धाड भरती?" मग औषधं सुरू झाली. काखेत टॉवेल धरून मार. डोकं वर आलं म्हणून पाठीमागून वेणी धरलीत. खांदा उघडतोय म्हणून दंड छातीला पंचानं बांधलात. एका बादलीच्या दोन झाल्या. जितकं माळावर जास्त मारलं तितकं मैदानात डावं जाऊ लागलं, आणि जितकं डावं गेलं तितकं तुम्ही माळावर जास्त मारायला लावलंत. तुम्ही मन लावून करत होतात, हे मी जाणते. मन लावून केलंत म्हणून ते बरोबर ठरत नाही.

व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत नाव लागायची ती पुण्यातली स्पर्धा. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, तेव्हा मीच सांगते. शेवटच्या होलला येईपर्यंत मी पात्र ठरत होते. चार फटक्यांत संपवायचं होतं, पाच झाले असते तरी चाललं असतं. त्या होलला उजव्या बाजूनं लांबलचक तळं आहे. मी बॉल ठेवला, आणि मला एकदम हाताला झोंबल्यासारखं वाटलं. पहिला बॉल डावीकडं, झाडांच्या पलीकडं, हद्दीबाहेर. एका फटक्याचा दंड घेऊन दुसरा. तोही तिथंच, त्याच झाडावरून. दुसरा खाली पडायच्या आधी तुम्ही पाठ फिरवली होती. मी वळून पाहिलं तेव्हा तुमची पांढरी टोपी गर्दीतून गेटाकडं चालली होती. उरलेला होल मी एकटीनं संपवला. माझ्याबरोबर खेळणारी सोनिया नावाची मुलगी होती, तिनं हात मिळवताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. एवढंच सांत्वन त्या दिवशी मिळालं.

साताऱ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी तुमच्या पलटणीतले एक मिशीवाले गृहस्थ भेटले. तुम्ही दोघं किती मोकळेपणानं हसलात, रामराम काय, गळाभेट काय. त्यांनी विचारलं, पोरीचं काय झालं? तुम्ही कपातला चहा बशीत ओतत म्हणालात, "हिच्यापरास एक म्हस पाळली असती तर दूध तरी दिलं असतं." ते हसले. चहावाला हसला. मीसुद्धा हसले, अण्णा. पाहुणे हसतात तेव्हा आपणही हसायचं, अशी सवय होती. सांगलीची गाडी लागली तेव्हा तुम्ही पुढं बसलात, मी मागं, आणि कऱ्हाड गेलं तरी माझं तोंड तसंच हसरं राहिलं होतं. ते खाली कसं आणायचं ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर तुम्ही बोलणंच टाकलंत. एका पंगतीला बसून, एकाच तव्यावरची भाकरी खाऊन, "तिला म्हणावं, मीठ दे." आई माझ्याकडं बघायची, मी मीठ द्यायचे. बॅग ट्रंकेत घालून कुलूप लावलंत आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवलीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी तसंच. मारलं असतंत तर ते एका दिवसात संपलं असतं. मी घर सोडलं तेव्हा तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होतात आणि तो खाली केला नाहीत. आई स्टँडपर्यंत आली. कंडक्टरला म्हणाली, "पोरगी एकटी हाय, जरा बघा." मला म्हणाली, "जा. म्या हाय हितं." ती तिथं आहे, याचा तिला काय उपयोग झाला, हे विचारायचं धाडस मला अजून होत नाही.

तर आता औषध. पुण्यात एका सरावाच्या मैदानावर मला बॉल गोळा करायचं आणि नवख्यांना काठी धरायला शिकवायचं काम मिळालं. सोनिया तिथं यायची. तिनं मला ओळखलं आणि स्वतःच्या जुन्या काठ्या वापरायला दिल्या. मी तिला सांगितलं, माझं असं असं आहे, सरावात सरळ आणि कोर्सवर डावा. तिनं ते मानलं नाही. कितीतरी सकाळी ती माझ्याबरोबर कोर्सवर चालली, मोबाईलवर माझ्या फटक्यांचे व्हिडिओ घेत राहिली, आणि एक दिवस मला बाकावर बसवून म्हणाली, "कोर्सवरही तू सरळच मारतेस. नीट बघ. फक्त उजवीकडं काही असलं की डावा जातो. पाणी, झाडी, काहीही. पाय बरोबर लावतेस आणि शेवटच्या क्षणी खांदे तिकडून वळवून घेतेस. काठी मग बाहेरून आत येते, आणि बॉल तुझे खांदे बघतात तिकडंच जातो. त्याचा काय दोष?" मग तिनं विचारलं, "उजवीकडं काय होतं गं?" मी म्हणाले, काही नाही. आणि मग बाकावर बसून तिला उसाचं सगळं सांगितलं. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता मला स्वतःला ते पहिल्यांदा दिसलं.

तिनं मला त्या तळ्याच्या होलला नेलं. सकाळी, मैदान उघडायच्या आधी. जुने बॉल घेतले आणि म्हणाली, "पाण्यात मार." एवढं मोठं तळं, आणि माझा एक बॉल त्यात पडेना. सगळे डावीकडं. आम्ही दोघी हसलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. किती सकाळी गेल्या ते मोजलं नाही. एकदा एक बॉल उजवीकडं निघाला आणि तळ्याच्या मधोमध पडला. गोल लाटा काठापर्यंत आल्या. मी काठी धरून उभी राहिले. मागून कुणीतरी 'जा' म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. कुणी म्हणालं नाही. बॉल गेला तो गेला. मी गवतात बसले आणि इतकी रडले की माळी काय झालं म्हणून धावत आला. त्यानंतर मी मुद्दाम कितीतरी बॉल पाण्यात घालवले. एकही आणायला गेले नाही.

बाकीचं साधं आहे, तेही लिहिते, तुम्हाला हवंय म्हणून. बादली बंद केली. सरावात एक बॉल मारायचा, काठी बॅगेत ठेवायची, मैदानाला फेरी मारून यायची, आणि मग दुसऱ्या काठीनं, दुसऱ्या झाडाकडं, दुसरा. हातात एकच बॉल आहे असं धरून. रेघ नाही. बॉलच्या पुढं वीतभर अंतरावर एखादं पान किंवा काडी हेरायची, आधी काठीचं तोंड तिच्याकडं करायचं, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी खांदे त्याच बाजूला समांतर आहेत ना ते बघायचं. पकड सैल. इतकंच. आणि तरी अजूनही, वारा डावीकडून असेल आणि उजवीकडं काहीतरी दाट, हिरवं असेल, तर महिन्यातून एखादा जातोच. पूर्ण बरा होत नाही. तो येणार हे आधी कळतं, इतकाच फरक.

पुढच्या वर्षी यादीत नाव लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी बंगळूरची स्पर्धा जिंकले. ती बातमी आली तेव्हा गावात फ्लेक्स लागला, दादानं फोटो पाठवला होता. मधे फेट्यातले तुम्ही, खाली कोपऱ्यात मी, तेही शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो. पेपरवाल्यांना तुम्ही सांगितलंत, "शिस्त लावली, म्हणून घडली." सत्काराला मी आले नाही म्हणून गाव मला शेफारलेली म्हणतं. म्हणू दे. तुम्ही मात्र नारळ आणि शाल घेतलीत, आणि आईनं ती शाल पेटीत घातली. पांघरत नाही ती.

गेल्या दिवाळीला मी किती वर्षांनी घरी आले. तुम्ही ओट्यावर होतात, मी पाया पडले, तुम्ही पायाला हात लावू दिलात आणि वर पाहिलं नाहीत. मला वाटलं, वय झालंय, असू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या समीक्षानं माझा हात धरून मला माळावर नेलं. "आत्ती, बघ मी कशी मारती." दगड वेचलेले. फक्कीची रेघ. पोरीच्या हातात कापलेली काठी. उजवीकडं आता ऊस नाही, गुंडातात्यांच्या पोरानं द्राक्षबाग लावलीय. तारा आणि वेली, आत शिरायला आडकाठी नाही. मला वाटलं, चला, या पोरीला ते तरी नाही. तिनं बॉल मारला. हात छान आहेत तिचे, माझ्यापेक्षा छान. आणि बॉल सुटल्यापासून डावीकडं गेला. दुसराही. तिसराही. मी तिला विचारलं, उजवीकडं गेला तर काय होतं गं बाळा? ती केसातली रिबीन नीट करत अगदी सहज म्हणाली, "मग आबा बोलत न्हाईत. दुसऱ्या दिवसापतोर. कवा कवा लय दिवस." आणि पुढचा बॉल ठेवला. चौथीतली पोर, अण्णा. बोलायचं ते मी संध्याकाळी स्वयंपाकघरात दादा आणि पल्लवीवहिनीशी बोलले, आणि आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

म्हणून तुमचा निरोप आला तेव्हा मला कळलं की तुम्ही माझ्याबद्दल विचारलेलंच नाही. समीक्षाचा डावा बरा होत नाही, म्हणून विचारलंत. उत्तर असं, की तुमच्या हाताखाली तो बरा होणार नाही. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा ती तासगावला आजोळी नसेल. वहिनीच्या माहेरी आठ दिवस राहायला जातो म्हणून ते तिघं निघाले, ते इथं माझ्याकडं आले आहेत. जूनपासून तिची शाळा इथंच. नाव घालून झालं. दादा आणि वहिनी परत येतील, शेती बघतील. पोरगी येणार नाही. तुमच्यासमोर उभं राहून हे सांगायची छाती आपल्याला नाही, असं दादा स्वतःच म्हणाला आणि खाली मान घालून बसला. त्याला त्याबद्दल काही बोलू नका, त्यानं त्याच्या मानानं फार मोठं काम केलंय. समीक्षा गोल्फ खेळेल की नाही ते मला माहीत नाही. सध्या तिला पोहायला शिकायचंय. आईला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, आणि तिनंच पोरीचे कपडे भरून दिले, हेही तुम्हाला माझ्याकडूनच कळू दे, उगाच कुणाकुणाला विचारत बसू नका. नातीला भेटायला यावंसं वाटलं तर आईला बरोबर घेऊन या. एकटे आलात तर मी दार उघडणार नाही.

तुमचीच, ते काही बदलता येत नाही,
क्रांती